गोधडीचं गाठोडं सोडताना

गोधडी शिवणाऱ्या घरात कापड मागावं लागत नाही, ते चालत येतं. कुणाचं लुगडं विरलं, कुणाची साडी खिळ्याला अडकून फाटली, ओटीत आलेले ब्लाउजपीस कपाटात मावेनासे झाले, की सगळ्यांना तेच एक घर आठवतं. देणाऱ्याच्या मनात जिव्हाळा असतो, त्यामुळे नाही म्हणवत नाही. दोन-तीन वर्षांत दिवाणाच्या पोटात, माळ्यावर, कपाटाच्या खालच्या खणात गाठोडी जमतात. मग हवं तेव्हा अस्तराचं कापड हाती लागत नाही म्हणून बाजारातून नवं मांजरपाट येतं, आणि जुनं सापडतं ते गोधडी शिवून झाल्यावर.

क्विल्टिंगची पुस्तकं उघडली, तर त्यात कापड रंगाप्रमाणे लावलेलं दिसतं. निळ्याशेजारी निळं, त्याच्या पलीकडे हिरवं, फिक्याकडून गडदाकडे. दुकानातून नवं सुती कापड आणून क्विल्ट करणाऱ्यांना ही रचना सोयीची आहे, कारण त्यांच्याकडच्या सगळ्या तुकड्यांची ताकद साधारण सारखी असते. आपल्या गोधडीत, वाकळेत, बाळाच्या दुपट्यात मात्र वापरलेलं कापड जातं. एकाच रंगाच्या दोन साड्यांपैकी एक अजून वीस वर्षं टिकेल आणि दुसरी पुढच्या धुण्यात फाटेल. म्हणून माझं मत ठाम आहे: गोधडीचं कापड आधी कामाप्रमाणे लावावं. रंगाचा विचार त्यानंतर, त्या-त्या ढिगाच्या आत.

काम म्हणजे काय, ते गोधडीच्या रचनेतून कळतं. पाठीचा थर चटईवर, गादीवर, अंगावर सतत घासला जातो, तेव्हा तो सर्वांत दमदार हवा आणि अंगाला मऊही. वरचा, दर्शनी थर ऊन आणि धुणं सोसतो, आणि नजर त्याच्यावरच पडते. मधले थर ऊब धरतात. थरांमध्ये अडकलेली हवा बाहेरची थंडी आत येऊ देत नाही, आणि जुनं, पुष्कळ धुतलेलं सूत इथे अगदी उत्तम चालतं. विरलेल्या कापडाला दोन्ही बाजूंनी मजबूत थरांचा आधार मिळतो, धावदोरा त्याला ठिकठिकाणी धरून ठेवतो, त्यामुळे एरवी टाकाऊ ठरलेली साडीही मध्ये निभावून जाते. चौथं काम काठाचं: चारी बाजूंचा गोट. गोधडी सगळ्यांत आधी फाटते ती काठावर, कारण ओढताना हात तिथेच पडतो. पाठीचं, तोंडाचं, पोटातलं आणि काठाचं, असे चार ढीग डोळ्यांसमोर ठेवले की कोणताही तुकडा हातात आल्यावर प्रश्न एकच उरतो: हा यांपैकी कुठे जाईल?

गाठोडी सोडायला नवरात्राआधीचे दिवस चांगले. गावाकडे घटस्थापनेपूर्वी घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या नदीवर, विहिरीवर धुवायला निघतात, त्या वेळी पाऊस ओसरत आलेला असतो आणि ऊन कडक पडू लागतं. साठ्याचं कापडही तेव्हाच बाहेर काढावं. शहरात हाच वेळ थोडा पुढे, ऑक्टोबरच्या उन्हाळ्यापर्यंत ढकलला तरी चालतं. सगळं एकदम काढू नये. एका दिवसाला एक गाठोडं पुरे, कारण प्रत्येक कापडाची तपासणी करायची आहे आणि ती घाईने होत नाही.

आधी धुणं. आलेलं कापड स्वच्छ दिसलं तरी एकदा धुवून घ्यावंच, आणि खळ घातलेली साडी असेल तर कोमट पाण्यात भिजवून खळ पूर्ण काढावी. कसरीला पिष्टमय पदार्थ आवडतात. खळ, अन्नाचे डाग, घाम या गोष्टी कापडात राहिल्या की ती तिथेच घर करते. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच आटतं, म्हणजे अडीच मीटरच्या लांबीत दहा सेंटिमीटर सहज जातात. न धुतलेलं मांजरपाट जुन्या साडीला जोडलं, तर पहिल्या धुण्यानंतर गोधडीला बाक येतो तो यामुळे. गडद लाल, जांभळा, निळा रंग असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावं. फडक्याला रंग लागला तर तो कपडा वेगळा भिजवावा, आणि पाण्याला रंग यायचा थांबत नसेल तर बाळाच्या दुपट्यात किंवा पांढऱ्याशेजारी त्याला घेऊ नये.

धुऊन वाळल्यावर खरी पारख. साडी दोन हातांत उभी धरून खिडकीसमोर न्यावी आणि उजेड आरपार पाहावा. जिथे वीण विरळ झाली आहे तिथे उजेड जास्त येतो, एखाद्या ढगासारखा पसरट पट्टा दिसतो. पाचवारीत हा पट्टा बहुधा निऱ्यांच्या भागात आणि फॉल लावलेल्या काठाच्या वर सापडतो. नऊवारीत मधला भाग आधी जातो, कारण कासोट्याचा आणि बसण्याचा सगळा ताण तिथे. पूर्वी लुगड्याचा हाच विरलेला भाग कापून टाकत आणि उरलेली दोन टोकं जोडून दंड घालत. असं दंड घातलेलं लुगडं साठ्यात आलं तर शिवणीच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या पारखाव्यात. आता दोन्ही हातांच्या अंगठ्यांखाली कापड चिमटीत धरून, चार बोटांचं अंतर ठेवून, आधी उभ्या धाग्याने आणि मग आडव्या धाग्याने हलका झटका द्यावा. दमाचं कापड टणक आवाज करतं आणि तसंच राहतं. थकलेलं कापड मऊ, दबका ‘चर्र’ आवाज करून दोन-चार धागे सोडून देतं. हा आवाज एकदा कानात बसला की पुढे डोळे मिटूनही कापड ओळखता येतं. पहिल्या जातीचं पाठीला, दुसऱ्या जातीचं पोटात. एकाच साडीत दोन्ही भाग असतील, आणि बहुतेक वेळा असतातच, तर साडी अखंड ठेवायच्या मोहात पडू नये. तिथेच कापून दोन ढिगांत टाकावी.

इरकलीकडे जरा जास्त लक्ष द्यावं लागतं. तिच्या अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगवेगळा असतो. विणकर ते मागावरच एकमेकांत गुंतवून जोडतात. अंग सुती असेल तरी पदर रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा असतो. आटणं, रंग सोडणं, सुईखाली वागणं, सगळंच निराळं. पदर कापून वेगळा ठेवावा. त्याचं तोंडाच्या थरात सुंदर काम होतं, पण तिथेही स्वतंत्र पट्टा म्हणूनच. जरीचे काठ कुठल्याही साडीचे असोत, काढूनच घ्यावेत. जाड काठातून हातसुई जात नाही आणि जर अंगाला टोचते. सुती काठ मात्र फार मोलाचे. ते उसवून, गुंडाळून ठेवले की गोटासाठी तयार पट्टी मिळते. गोल कोपऱ्याला तो गोट वळत नाही, तिथे उरेब पट्टीच लागते, कारण तिरप्या कापात कापड ताणलं जातं आणि वळणावर बसतं.

ब्लाउजपीसची गोष्ट वेगळी. ओटीत आलेल्या ऐंशी सेंटिमीटरच्या तुकड्यांनी निम्मा साठा अडवलेला असतो आणि त्यात सुती किती, पॉलिस्टर किती, हे नुसतं पाहून कळत नाही. चार धागे उपसून चिमट्यात धरावेत आणि पाणी घातलेल्या स्टीलच्या ताटलीवर पेटवावेत. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राखाडी राख सोडतं. पॉलिस्टर वितळून आकसतं आणि गार झाल्यावर कडक काळा मणी राहतो. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. राखेत बारीक खडे लागले तर मिश्र कापड आहे. पॉलिस्टर वाईट नाही, पिशव्या-पडद्यांना चालतं. पण गोधडी घाम शोषण्यासाठी आणि पुन्हा पुन्हा धुण्यासाठी असते, म्हणून तिच्या साठ्यात मी ते ठेवत नाही. गुळेदगुड्डच्या खणांचा ढीगही वेगळा. खण सुंदर, पण पन्हा लहान, तेव्हा ते तोंडाच्या चौकड्यांसाठी.

आता घडी. साध्या पांढऱ्या जाड पुठ्ठ्याची किंवा ॲक्रिलिकची ६ इंच रुंद, २४ इंच लांब पट्टी घ्यावी. ४४ इंची पन्ह्याचा तुकडा मध्ये दुमडला की २२ इंच होतो. तो पट्टीभोवती गुंडाळत जावा, पट्टी ओढून काढावी आणि आलेली घडी मध्ये एकदा मोडावी. प्रत्येक तुकडा ११ बाय ६ इंचांचा होतो. सगळ्या घड्या एकाच मापाच्या झाल्या की त्या खणात आडव्या न रचता पुस्तकांसारख्या उभ्या लावाव्यात. आडव्या थप्पीत मधला तुकडा ओढला की वरच्या सगळ्या घड्या विस्कटतात, आणि तळाचं कापड वर्षानुवर्षं कुणाच्या नजरेलाच पडत नाही. ही मापाची घडी तोंडाच्या आणि काठाच्या कापडासाठी. पोटातल्या आणि पाठीच्या मोठ्या कापडाला ती लावायची गरज नाही. त्याच्या मोठ्या, सैल घड्या करून खोक्यात ठेवाव्यात आणि वर्षातून एकदा घडीची रेघ बदलावी. जुन्या रेशमाला तर हे अत्यावश्यक, ते घडीवरच तुटतं.

प्रत्येक कापडाची नोंद ठेवायची एक वही असावी. पानावर बोटभर तुकडा टाचणीने लावायचा, शेजारी लांबी, पन्हा, कोणत्या ढिगात, कोणत्या खोक्यात, आणि साडी कुणाची. शेवटची नोंद मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. गोधडी करून मागणाऱ्या पुष्कळ जणी आईची, आजीची साडी घेऊन येतात. दोन वर्षांनी कोणती निळी कुणाची, हे लक्षात राहत नाही, आणि त्यात गल्लत झाली तर ती भरून निघत नाही. पुढच्या पिढीत गोधडी हातात घेऊन ‘हा तुकडा कुणाचा?’ असं कुणी विचारलं तर उत्तर वहीत सापडावं.

वहीतून आणखी एक फायदा होतो, हिशेब जमतो. एका माणसाची गोधडी साधारण दीड मीटर रुंद आणि सव्वादोन मीटर लांब धरली, तर एका थराला सव्वातीन-साडेतीन चौरस मीटर कापड लागतं. साडेपाच मीटर लांब, एक मीटर दहा सेंटिमीटर पन्ह्याची साडी सहा चौरस मीटर भरते. म्हणजे एका साडीत जेमतेम पावणेदोन थर, तेही तिचा सगळा भाग धड असेल तर. पाच थरांच्या गोधडीला तीन साड्या हाताशी हव्यात, आणि विरलेला भाग वजा जाणार म्हणून चार. सुती साडी अर्ध्या किलोच्या आसपास भरते. पोटातल्या कापडाचं खोकं बॅगा मोजायच्या ताणकाट्याला अडकवून वजन केलं, तर किती गोधड्यांचा माल आहे, याचा चटकन अंदाज येतो. मीटर मोजत बसावं लागत नाही.

ठेवायचं कुठे, याला उत्तर घराच्या भिंती देतात. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट आतून घामेजतं. ते चार बोटं पुढे ओढावं. लाकडी फळीवर थेट कापड ठेवू नये, लाकडातल्या आम्लाने घडीची खालची बाजू पिवळी पडते. जुनी सुती चादर अंथरून मग रचावं. पुठ्ठ्याच्या खोक्यांचंही तेच. झाकणाचे प्लास्टिकचे डबे चालतात, पण त्यात जाणारं कापड हाडासारखं कोरडं हवं. किंचित ओल राहिली तर बंद डब्यात बुरशीचे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. मला स्वतःला पोटातल्या कापडासाठी जुन्या धोतराच्या पिशव्या आवडतात, हवा खेळती राहते. उघड्या फळीवर उन्हाची तिरीप येत असेल तर पडदा लावावा, नाहीतर घडीच्या कडेला फिका पट्टा उमटतो.

डांबरगोळ्यांबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. कपड्यांतली अळी लोकर आणि रेशीम खाते. धुतलेल्या, खळ काढलेल्या सुताला तिच्यापासून फारसा धोका नसतो. तेव्हा सुती साठ्यात डांबरगोळ्या टाकायचं कारणच नाही. बाळाच्या दुपट्यासाठी ठेवलेल्या कापडात तर त्या कधीही टाकू नयेत. त्यातलं नॅफ्थलीन कापडात मुरतं. जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या तान्ह्या बाळाला अशा कपड्यात गुंडाळलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. कमतरता आहे की नाही, हे घरात सहसा कुणाला ठाऊक नसतं. आजीच्या ट्रंकेतून आलेल्या कापडाला तो वास येत असेल तर ते अनेकदा धुवून, उन्हात वाळवून मोठ्यांच्याच गोधडीला घ्यावं. साठ्यात वेखंडाच्या कांड्यांची पुरचुंडी किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरे, आणि तोही दरवर्षी नवा.

चिंध्यांना शिस्त लावायची वेळ एकच: बेतून झाल्या झाल्या. नंतर करू म्हणून पिशवीत कोंबलेली चिंधी पुन्हा कधी सरळ होत नाही. ५ इंचांचा चौकोन निघत असेल तर चौकोन, नाहीतर अडीच इंच रुंदीची पट्टी, तीही निघत नसेल तर उरलेलं टाचण्यांच्या उशीत भरायला. दोनच मापं ठेवली की चौकडे एकमेकांना जुळतात आणि वर्षाअखेर एका दुपट्याचं तोंड आपोआप तयार असतं. १९७९ मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीने फिरत्या पात्याचा रोटरी कटर आणला आणि जगभरच्या चौकडेवाल्यांचं काम बदललं. चटई आणि पट्टी घेऊन एका वेळी चार थरांतून सरळ पट्टी निघते. आपल्याकडेही तो मिळतो. पातं वापरून झालं की लगेच झाकावं, ते बोटाला कात्रीपेक्षा खोल जातं. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात, त्यात मापाचा हा खटाटोप नाही. त्या काठापासून सुरुवात करून गोल-गोल आत येतात आणि हाताला येईल तो तुकडा दुमडून बसवत जातात. तसं शिवायचं असेल तर चिंध्या कापूच नयेत. उघड्या टोपलीत शेजारी असाव्यात, म्हणजे नजर फिरवून पुढचा तुकडा उचलता येतो.

जागेकडे येऊ. शिवणाची स्वतंत्र खोली फार थोड्यांच्या वाट्याला येते, आणि तिची गरजही नसते. बेतणं उभ्याने, इस्त्री बेतण्याच्या जवळ, टीप मारणं खुर्चीवर आणि हाताचा धावदोरा जमिनीवर, एवढीच कामं आहेत. बेतायची फळी कोपराच्या थोडी खाली असावी, म्हणजे कंबर वाकत नाही. जेवणाचं टेबल त्यासाठी ठेंगणं पडतं, स्वयंपाकाचा ओटा मात्र बहुतेकींना बरोबर उंचीचा असतो. दुपारी तो पुसून, कोरडा करून, त्यावर चटई टाकावी. मशीन खिडकीशी, आणि उजव्या हाताने काम करणारीला उजेड डावीकडून, म्हणजे हाताची सावली सुईवर पडत नाही. धावदोऱ्यालाही तोच नियम. मशीनजवळच्या एका खणात फक्त त्याच कामाचं सामान: बॉबिन, डबी, तेल, सुया, छोटी कात्री. कापडाची कात्री घरातल्या कुणी कागदाला लावू नये म्हणून तिच्या कडीला रंगीत नाडी बांधावी. रिळं उन्हापासून दूर बंद डब्यात ठेवावीत, आणि जुन्या रिळाचा दोरा वापरण्याआधी हाताने तोडून पाहावा. सहज तुटला तर कच्च्या टाक्यांना ठेवावा.

मोठी जागा लागते ती एकाच कामाला, थर घालायला. त्यासाठी आठ बाय दहा फुटांची मोकळी जमीन हवी, आणि ती दिवसभर अडवून ठेवायची गरज नाही. सकाळची कामं आटोपल्यावर फरशी पुसून पूर्ण वाळू द्यावी. पाठीचं कापड उलटं अंथरून, ताणून, चारी कोपऱ्यांवर वरवंटा, अडकित्ता, जे वजनदार असेल ते ठेवावं. पोटातले थर एकेक करून मधून काठाकडे हाताने सपाट करावेत. दोन थरांमधले जोड एकावर एक येऊ देऊ नयेत, नाहीतर तिथे दांडा होतो आणि सुई मोडते. वर तोंडाचं कापड, मग मधून काठाकडे वीतभर अंतराने कच्चे टाके. एवढं दुपारच्या चहाआधी होतं, आणि नंतर गोधडी गुंडाळून कोपऱ्यात उभी राहते. पुढचे कित्येक महिने ती मांडीवर मावेल एवढ्या जागेत शिवता येते.

अर्धवट गोधडीचं एकच खोकं असावं आणि त्यात एका वेळी दोनपेक्षा जास्त गोधड्या नसाव्यात. तिसरी थरांना बसवायची इच्छा झाली तर आधी एक पुरी करावी. काम उचलताना सुई कापडात खोचून ठेवू नये. दमट हवेत ती दोन दिवसांत गंजते आणि त्याचा तपकिरी ठिपका पाचही थरांतून उतरतो. सुया लोकरीच्या तुकड्यात टोचून डबीत ठेवाव्यात, डबीच्या झाकणावर आतून आकडा लिहावा, आणि उठताना मोजाव्यात. एक कमी भरली तर गोधडीवरून लोहचुंबक फिरवावं, खाली फरशीवरही. दुपटं असेल तर सुई सापडेपर्यंत ते बाळाला द्यायचं नाही.